एका वेळी एकच चाक

माझ्या सासूबाई कपडे शिवतात आणि स्वतःची गाडी स्वतः दुरुस्त करतात. दोन्ही कामं करताना त्यांच्या तोंडात टाचण्या असतात. गाडीला टाचण्यांचा काय उपयोग, असं मी या घरात नवीन असताना विचारलं होतं. "काही नाही," त्या ओठांच्या फटीतून म्हणाल्या, "पण तोंड बंद राहतं. बोलत बसलं की हात चुकतो." या घरात दुसऱ्या कोणाचंच तोंड बंद राहत नाही, त्यामुळे मला ते लगेच पटलं.

आईंचं वय त्रेसष्ट, गाडीचं एकतीस. एका निवृत्त शिक्षिकेच्या गाडीच्या सीटना कव्हरं शिवायला म्हणून आई गेल्या होत्या. कव्हरं इतकी झकास बसली की बाईंनी पुढे गाडी विकायला काढली तेव्हा पहिला निरोप आईंनाच धाडला. दुरुस्ती त्या एका फिटरकडे शिकल्या. त्याच्या तीन मुलींचे कपडे आईच शिवायच्या, आणि मापं घ्यायला गेल्या की स्टुलावर बसून त्याचं काम बघत राहायच्या. फिटरने गॅरेज बंद केलं तेव्हा त्याने आपल्या पान्यांचा डबा आईंना देऊन टाकला. तो डबा आता शिवणयंत्राखाली असतो, रिळांच्या डब्याशेजारी, आणि कधीकधी रिळांच्या डब्यातच पाना सापडतो.

गाडी त्यांना हौस म्हणून नको आहे. ज्यांना दुकानापर्यंत येता येत नाही अशा लोकांचे कपडे आई शिवतात. कोणी अंथरुणाला खिळलेलं, कोणाचा एक हात उचलत नाही. मागून उघडणारे शर्ट, बसूनच घालता येतील अशा पँटी. मापाला एकदा, ट्रायलला दोनदा, द्यायला एकदा, अशा त्यांच्या फेऱ्या चालतात. आई एकट्या जातात आणि एकट्या येतात. परत आल्या की त्यांचा चेहरा बघावा, नुकत्या न्हाऊन आल्यासारखा टवटवीत असतो.

तर गेल्या मंगळवारी ही गाडी आमच्या ह्यांच्या अंगावर आली.

आमची गल्ली चढाची आहे आणि घर बरोबर मध्यावर. आईंनी गाडी नेहमीसारखी नाक वर करून उभी केली, हँडब्रेक ओढला आणि आत आल्या. हे कापडाचा तागा काढायला मागे गेले, डिकी उघडली, वाकले, आणि गाडी हळूच मागे सरकायला लागली. ह्यांनी उडी मारली ती थेट शेजाऱ्यांच्या कुंड्यांत. गाडी फाटकाच्या खांबाला टेकून थांबली. ह्यांचं कोपर सोललं, चार कुंड्या फुटल्या, बंपरला पोचा आला. मी बाल्कनीतून सगळं पाहिलं आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं. त्या दिवसापासून हे गाडीच्या मागून जात नाहीत. फाटकाकडे जायचं असलं तरी पुढून वळसा घालून जातात.

त्याच संध्याकाळी जेवताना ते म्हणाले, "आई, रविवारी बारा वाजता भंगारवाला येईल. मी सांगितलंय त्याला."

आईंनी ह्यांच्या पानात भाजी वाढली.

"तुला कुठे जायचं असेल तर मी नेईन ना. आदल्या दिवशी सांगत जा फक्त."

माझा नवरा मनाने चांगला आहे, पण कुठे काय बोलावं हे त्याला कळत नाही. त्या "सांगत जा"वर आईंचा हात ताटातच थांबला.

"बाराच्या आत ती चढावर उभी राहिली तर?" त्यांनी विचारलं.

"नाही राहणार."

"राहिली तर, असं विचारतेय मी."

"राहिली तर राहू दे," हे म्हणाले, आणि पाणी प्यायले.

नंतर स्वयंपाकघरात मी तणतणले. गाडी तुमची, कागद तुमच्या नावावर, हे कोण ठरवणारे? आई भांडी विसळत म्हणाल्या, "अगं, तो चूक नाहीये. त्याच्या अंगावरच गेली ना. उभी राहत नसेल तर मीच नाही ठेवणार ती." म्हणजे त्या स्वतःच घाबरल्या होत्या. त्यांना घाबरलेलं मी पहिल्यांदाच पाहत होते, आणि मला ते अजिबात सहन झालं नाही.

दुखणं कुठे आहे ते त्यांना ठाऊक होतं. हँडब्रेकचा दांडा हल्ली अकरा दात, म्हणजे अकरा खटके, वर यायचा, पार छताकडे बघायचा. हँडब्रेक मागच्या चाकांना लागतो. मागच्या चाकांत ड्रम असतो, म्हणजे लोखंडाचा एक मोठा डबा. त्याच्या आत दोन चंद्रकोरी शू असतात, ते बाहेर फाकून ड्रमला आतून घट्ट धरतात. शू झिजले की धरणार काय! आईंनी शुक्रवारी नवे शू आणले. बाकीच्या स्प्रिंगा वगैरे या गाडीच्या आता कुठे मिळत नाहीत, त्या जुन्याच वापरायच्या होत्या.

रविवारी सकाळी सात वाजता अंगणात काम सुरू झालं. मी हाताखाली, आणि बाबा, म्हणजे माझे सासरे, खुर्ची टाकून देखरेखीला. हे वरच थांबले. "मी बघणार नाही," असं म्हणाले आणि दर दहा मिनिटांनी खिडकीत येऊन बघून गेले.

पुढच्या चाकांना विटा लावल्या. हँडब्रेक सोडला. नट आधी जमिनीवरच सैल केले, मग जॅक, मग जॅकच्या जोडीला लाकडाचे दोन भक्कम ठोकळे. डावं चाक निघालं. ड्रम मात्र गंजून बसला होता, हातोडीने ठोकून हलेना. तेव्हा आईंनी ड्रमवरच्या दोन भोकांत दोन बोल्ट घातले आणि थोडा हा, थोडा तो, असे पिळत गेल्या. तिसऱ्या फेरीला टक्कन आवाज झाला आणि ड्रम सुटून हातात आला. मी चक्क टाळ्या वाजवल्या!

"फुंकू नकोस," आई म्हणाल्या, कारण मी वाकलेच होते. "ती धूळ छातीत जाते." आणि इस्त्रीच्या वेळी कपड्यांवर पाणी मारायची बाटली घेऊन त्यांनी सगळी काळी धूळ भिजवली, फडक्याने पुसली, फडकं पिशवीत बांधलं. आतल्या छोट्या सिलिंडरभोवती कपड्यांचंच इलॅस्टिक गुंडाळलं. "आता चुकूनही कोणी ब्रेकवर पाय ठेवायचा नाही. नाहीतर यातला पिस्टन बाहेर येईल."

मग एकेक वस्तू निघत गेली आणि चादरीवर मांडली गेली, ज्या जागी आत होती तशीच. जुन्या शूंवर आईंनी शिंप्याच्या खडूने लिहिलं, पुढच्यावर "पु", मागच्यावर "मा". स्प्रिंगांनाही खूण, वरच्या आणि खालच्या. शेवटी दातेरी चाक असलेला एक बोटभर आटा निघाला. त्याला ॲडजस्टर म्हणतात. शू झिजतील तसा तो आपोआप लांब होतो आणि त्यांना ड्रमजवळ ठेवतो. हा गंजून गच्च बसला होता.

"हा बघ, सापडला!" आई टाचण्यांमधून ओरडल्या. "शू झिजत गेले आणि हा ढिम्म. पोराचं कोपर याने सोललंय!"

मी इतकी खूश झाले की काही विचारू नका. चोर पकडल्यासारखं वाटत होतं.

"उजवीकडचं पण उघडू या का?" मी विचारलं.

"एका वेळी एकच चाक," आई म्हणाल्या. "एक बाही उसवली की दुसरी शाबूत ठेवायची. विसरलं तरी बघायला असते."

सव्वानऊला एक गिऱ्हाईक आलं. दुसऱ्या दिवशी तिची मुलाखत होती आणि पँट कमरेत सैल होत होती. आईंनी हात धुतले, टेप गळ्यात टाकला आणि जाताना सांगितलं, "अर्ध्या तासात येते. कशाला हात लावू नका."

पुढचं सांगायला मला लाज वाटते, पण सांगते. बाबा म्हणाले, "तोवर आपण उजवं काढून ठेवू. तिचा तास वाचेल." मी नाही म्हणायला हवं होतं. पण दोन तास बघून मला सगळं येतं असं वाटायला लागलं होतं. जॅक लावला, ठोकळे लावले, चाक काढलं, दोन बोल्ट पिळले, ड्रम टक्कन सुटला. धूळ आईंसारखीच भिजवली, इलॅस्टिकसुद्धा गुंडाळलं! ॲडजस्टर आणि स्प्रिंगा पकडीने ओढून काढल्या. एक स्प्रिंग उडून फाटकाजवळच्या गटारात गेली, तीही मी शोधून आणली. फोटोही काढले, चौदा काढले. नंतर पाहिलं तर सगळ्यांत बाबा ड्रम हातात धरून हसत होते. चाकाच्या आतला एकही नव्हता.

मी गटारापाशी असतानाच बाबांनी त्यांचं काम उरकलं होतं. बाबा एका मोठ्या इस्पितळात पस्तीस वर्षं शस्त्रक्रियेची हत्यारं धुवायचे. घाण वस्तू दिसली की त्यांचे हात शिवशिवतात. त्यांनी दोन्ही चाकांचे सगळे सुटे भाग एकाच टबात टाकले. गरम पाणी, साबण, ब्रश. मग माझ्या ड्रायरने वाळवले. आणि पांढऱ्याशुभ्र टॉवेलवर मांडले, इस्पितळात मांडायचे तसे: स्प्रिंगांजवळ स्प्रिंगा, पिनांजवळ पिना, लहानापासून मोठ्यापर्यंत, सरळ रेषेत. डावं-उजवं, वरचं-खालचं, सगळं एक झालं होतं. खडूचा ठिपकाही कुठे उरला नव्हता. खरं सांगायचं तर इतके सुंदर ब्रेक मी आयुष्यात पाहिले नव्हते.

आई आल्या. टॉवेल पाहिला. उजवं चाक पाहिलं. मग त्यांनी तोंडातल्या टाचण्या एकेक करून काढल्या आणि मनगटावरच्या उशीत टोचल्या. माझं धाबं दणाणलं.

"हे कोणी केलं?"

"स्वच्छ झालं की नाही?" बाबा कौतुकाच्या अपेक्षेने म्हणाले.

"फारच."

"अगं, किती मळलं होतं ते—"

"अहो, दोन्ही बाह्या उसवल्यात तुम्ही! आणि तुकडे एकत्र करून धुतलेत!" आवाज त्यांचा चढला नाही, पण बाबांच्या चेहऱ्यावरचं हसू मावळलं. खिडकीत हे उभे होते. घड्याळात दहाला पाच कमी होती.

आई पायरीवर बसल्या. मला वाटलं, संपलं. उद्यापासून ह्यांना आदल्या दिवशी सांगत बसणार या बाई. मला रडू यायला लागलं होतं, आणि मी तोंड उघडून माफी मागणार तेवढ्यात त्यांनी मान वर केली.

"जुने शू कुठायत?"

"ते टाकायचेच होते ना?" बाबा म्हणाले. "पिशवीत बांधून कोपऱ्यावर ठेवले. कचऱ्यात."

"धुतले?"

"टाकायची वस्तू कोण धुतं?"

आई ताडकन उभ्या राहिल्या. "पळ!" त्या मला म्हणाल्या. तेवढ्यात खालच्या वळणावर कचऱ्याच्या गाडीचा भोंगा वाजला.

मी पळाले. अंगात मळका गाऊन, पायात एकच चप्पल, हात कोपरापर्यंत काळे. शेवटची शर्यत मी शाळेत धावले होते आणि तीही हरले होते. कोपऱ्यावर पोचले तर पिशवी गाडीत पडलेली. "थांबा! थांबा!" मी अशी किंचाळले की दोन खिडक्या उघडल्या. कचरेवाल्याने शांतपणे विचारलं, "काय, सोनं गेलं का?"

"ब्रेक गेले!"

त्याने माझ्याकडे नीट बघितलं, वर चढला आणि पिशवी काढून दिली. "यापुढे बघून टाकत जा," तो म्हणाला. मी कानाला खडा लावला आणि चढ चढत उलट पळाले.

चारही शू तसेच होते, काळेकुट्ट. डाव्यांवर आईंचा खडू होता, "पु" आणि "मा". आईंनी ते उन्हात धरले आणि त्यांचे डोळे चमकले. "ये इकडे. बघ. या भोकाजवळ लोखंड चकाकतंय ना? इथे आकडा घासत होता. आणि इथे नाही. कापड उसवलं तरी टाक्यांच्या खुणा राहतात." त्यांनी टॉवेलवरून एक स्प्रिंग उचलली. तिच्या आकड्यालाही एका बाजूला तसंच झिजलेलं होतं. दोन्ही खुणा एकमेकींवर बसल्या. बाबा हळूच खुर्ची जवळ घेऊन आले.

मग आईंनी चादरीवर ट्रायल घेतली. जुन्या शूंवर अख्खं डावं चाक लावून पाहिलं, कच्चा टाका घालतात तसं. ते जुळल्यावर त्याच्या शेजारी उजवं मांडलं, आरशात दिसेल तसं उलटं. बाह्या अशाच कापतात, कागद उलटा ठेवून. तुकडा लागत गेला तसतशी मी "वर! खालची! हो!" अशी ओरडत होते, आणि बाबा हवी ती स्प्रिंग अशी हातात देत होते जणू समोर सर्जन उभा आहे.

अडलं ते दोन ॲडजस्टरपाशी. गंजलेला बाबांच्या गरम पाण्याने आणि ब्रशाने सुटला होता, आणि दोन्ही आता सारखेच गुळगुळीत फिरत होते. डावा कोणता? चुकला तर लांब व्हायच्या ऐवजी तो आखडत जाणार, आणि महिन्याभरात गाडी पुन्हा कोणाच्या तरी अंगावर. आईंनी एक उचलून डावीकडे बसवला आणि त्याला ढकलणारी पट्टी बोटाने दाबली. एक दात फिरला. आटा आखूड झाला. काढला. दुसरा बसवला, दाबली. लांब झाला!

"लांब होतो तो इथला," आई म्हणाल्या. उजवीकडे पहिला लावला, तो तिथे लांब झाला. मी आईंना मिठीच मारली. त्यांच्या गाऊनवर माझे दहा काळे ठसे उमटले ते अजून निघालेले नाहीत.

पावणेअकरा. आता नवे शू. "शूवरच्या या खरखरीत लायनरला तेलकट बोट लागलं तर सगळं फुकट," म्हणून मी हात दोनदा धुतले. जिथे लोखंडावर लोखंड घासतं तिथे नखभर ग्रीस. पहिली स्प्रिंग पकडीने ताणेना, तेव्हा आईंनी जाड दोऱ्याचा फास आकड्यात अडकवला आणि पाय टेकवून ओढला. टप्प! स्प्रिंग जागेवर बसली. दुसरी मी ओढली. डावा ड्रम चढला, मग उजवा. छोट्या भोकातून दातेरी चाक फिरवत आई ड्रमला कान लावून बसल्या. घासल्याचा बारीक आवाज आला की थोडं मागे, पुन्हा पुढे, जेमतेम सळसळ ऐकू येईपर्यंत. इतकं कानात प्राण आणून मी त्यांना कधी कोणाचं ऐकताना पाहिलेलं नाही, माझं तर नाहीच. चाकं चढली, गाडी खाली आली, नट आवळले. आईंनी आत बसून ब्रेक दहा-बारा वेळा दाबला, मग हँडब्रेक ओढला. एक, दोन, तीन, चार. चौथ्या दाताला दांडा थांबला.

बाराला दहा कमी असताना भंगारवाल्याचा ट्रक खाली येऊन उभा राहिला. हे इस्त्रीचा शर्ट घालून खाली उतरले. भंगारवाल्याने आमच्या अवताराकडे पाहिलं आणि विचारलं, "न्यायची ना?"

"थांबा जरा," आई म्हणाल्या.

त्यांनी गाडी आधी सपाट रस्त्यावर नेली, हळू चालवून दोनदा ब्रेक दाबून पाहिला, वळवून आणली. मग चढावर, अगदी मंगळवारच्या जागी. हँडब्रेक ओढला. गिअर काढून टाकला, नुसत्या हँडब्रेकवर. इंजिन बंद केलं आणि ब्रेकवरचा पाय उचलला.

बाबांनी माझं मनगट पकडलं होतं, चांगलंच दुखत होतं. गाडी एक केसभर मागे बसल्यासारखी झाली आणि थांबली. आई दार उघडून उतरल्या. तरी थांबलेलीच. भंगारवाला चाकाकडे बघत होता, हे चाकाकडे बघत होते, वरच्या मजल्यावरच्या काकू चाकाकडे बघत होत्या. बारा वाजून गेले तरी गाडी तिथेच.

"उभी आहे," शेवटी भंगारवाला म्हणाला. "मग मी निघू?"

ह्यांनी मान हलवली. तो गेला. आई ह्यांच्याकडे बघत होत्या. जिंकल्याचा भाव नव्हता त्यांच्या चेहऱ्यावर, विचारल्याचा होता. हे चाकाकडेच बघत राहिले. आई वळल्या आणि अंगणातल्या नळावर हात धुवायला बसल्या. मला नवऱ्याचा असा राग आला, म्हणून सांगू! एक शब्द बोलला असता तर काय जीभ झडली असती?

पायरीवर एक मोठी पिशवी होती. त्यात एक कोट होता, व्हीलचेअरवर बसणाऱ्या एका बाईंचा. दोन वर्षांनी त्या पहिल्यांदा घराबाहेर पडणार होत्या, आणि सोमवारी सकाळी तो त्यांना द्यायचा होता. ह्यांनी पिशवी उचलली. मला वाटलं, आत नेताहेत. पण ते गाडीकडे निघाले. पुढच्या बाजूला पोचले आणि तिथे क्षणभर थांबले. मग बाजूने चालत सरळ मागे गेले आणि पोचा आलेल्या बंपरच्या बरोबर मध्ये, उताराकडे पाठ करून उभे राहिले. डिकी उघडली. वाकले. कोटाला घडी पडू नये म्हणून पिशवी नीट आडवी ठेवली, आणि दोन्ही हातांनी डिकी धाडकन लावली.

गाडी जागची हलली नाही. हेही हलले नाहीत.

"आई," ते तिथूनच म्हणाले, "कोट डिकीत ठेवलाय. उद्या विसरशील."

नळ वाहतच राहिला. आईंच्या तोंडात एकही टाचणी नव्हती, तरी त्यांना बोलता आलं नाही.